बंगळुरूची जागा

आमच्या विद्यापीठाच्या चंद्रपुरातल्या नर्सिंग कॉलेजात बातम्या, कार्यक्रम आणि संधी कळवण्याचं काम गेली बरीच वर्षं माझ्याकडे आहे. प्राचार्यांनी ते दिलं तेव्हा कारण एवढंच सांगितलं होतं की माझं अक्षर चांगलं आहे. आता अक्षराचं काही काम उरलं नाही. सगळं वेबसाइटवर आणि ग्रुपवर जातं. तरी जिन्याजवळचा काचेचा फलक मी अजून भरते. रक्तदान शिबिर, परिचारिका दिन, कुठल्या दवाखान्यात भरती, कुणाची निवड. पालक हॉस्टेलला भेटायला आले की त्या काचेशी थांबतात आणि फोटोतल्या आपल्या मुलीवर बोट ठेवतात. काचेवर कायम बोटांचे ठसे असतात. शिपाईदादा वैतागतात, पण मला ते ठसे आवडायचे. मुलींना बाहेर पाठवणं हेच माझं खरं काम आहे, असं मी तेव्हा मानत होते. मी स्वतः ब्रह्मपुरीकडच्या धानाच्या गावातली. माझ्या वडिलांनी शेजाऱ्यांची बोलणी खाऊन मला शिकायला धाडलं, म्हणून मी इथे उभी आहे. तेव्हा घरी राहते म्हणणारी मुलगी दिसली की माझा जीव खालीवर व्हायचा.

अशीच एक मुलगी अहेरीच्या पलीकडच्या गावातून आली होती. घरात गोंडी, शाळेत मराठी, आणि आमच्याकडे आल्यावर इंग्रजी पुस्तकं. पहिल्या वर्षी ती वर्गात तोंड उघडायची नाही. पण वॉर्डात तिचा हात असा चाले की जुन्या सिस्टरही बघत राहायच्या. लहान मुलाची शीर सापडत नसली की तिलाच हाक मारत.

तिच्या घरच्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते दीपप्रज्वलनाच्या कार्यक्रमात. त्या दिवशी पहिल्या वर्षाच्या मुली हातात दिवा घेऊन शपथ घेतात, पालकांना बोलावणं असतं. तिची आई आणि धाकटी बहीण दोन बस बदलून आदल्या दिवशीच आल्या होत्या. धाकटी तेव्हा आठवी-नववीत असेल. अंगाने काडी, डोळे पिवळसर. कार्यक्रम संपल्यावर सगळ्याजणी फोटो काढत होत्या. ही मात्र पांढऱ्या गणवेशात व्हरांड्याच्या फरशीवर बसून धाकटीचे गुडघे चोळत होती.

"सिकल आहे का?" मी विचारलं.

"हो मॅडम. एसएस, पूर्ण आजारवाली. प्रवास झाला का दुखते तिले."

धाकटी माझ्याकडे बघून हसली. "मॅडम, ताई म्हणते तुम्ही लय कडक आहात," ती म्हणाली, आणि ताईने तिच्या पाठीत हलकेच धपाटा घातला.

म्हणजे मला माहीत होतं. सिकलसेल आमच्या भागात घरोघरी आहे, मी तो शिकवते. रक्ताच्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात, अंग दुखतं, आणि एखाद्या वेळी मेंदूकडे जाणारं रक्तच अडतं. हे मी दर वर्षी फळ्यावर आकृती काढून सांगते.

ती शेवटच्या वर्षाला असताना बंगळुरूच्या एका मोठ्या रुग्णालयाकडून आमच्याकडे विचारणा आली. अतिदक्षता विभागाचं वर्षभराचं प्रशिक्षण, राहणं-जेवण त्यांचं, आणि पुढे तिथेच नोकरी. आमच्या कॉलेजातून एक मुलगी. मी फलकावर लावायच्या आधी तिलाच बोलावलं.

"मले नाई जाचं मॅडम," ती लगेच म्हणाली.

"काऊन?"

मी तिच्या बोलीत विचारलं की ती मोकळी व्हायची. त्या दिवशी झाली नाही.

"धाकटीले कोण पाहीन? आई तिले गोळ्या द्याले विसरते. दुखलं का तेल लावते अन् बसते. मी आतापर्यंत दर महिन्याले जाऊन राह्यली."

"आता गावात आशाताई आहेत, उपकेंद्र आहे, अहेरीला दवाखाना आहे. तू जन्मभर तिच्या उशाशी बसणार आहेस का? तू तिकडे शिकलीस तर उद्या तिलाच चांगल्या डॉक्टरांकडे नेशील."

माझं म्हणणं खोटं नव्हतं. आजही कुणी तसं म्हणालं तर मला ते पटेल.

ती पुन्हा नाही म्हणाली. मग पुढच्या रविवारी मी तिला घेऊन तिच्या घरी गेले. आलापल्लीपासून पुढे सागाचं जंगल, मग कच्चा रस्ता. अंगणात मोहाची फुलं वाळत होती. तिच्या वडिलांनी खाट टाकली. धाकटी माझ्यासाठी पाणी घेऊन आली आणि ताईला चिकटून बसली.

"भाऊ, अशी संधी आपल्या भागातल्या मुलीला पुन्हा यायची नाही," मी वडिलांना म्हणाले.

 ते बायकोशी गोंडीत बोलले. ती बाई माझ्याकडे न बघता मोहाची फुलं हलवत राहिली. शेवटी ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही सांगता त चांगलंच असन. पण या लहानीचं काही झालं त आमाले समजत नाई."

"मी आहे ना," मी म्हणाले. "काही वाटलं तर मला फोन करा. कोणत्याही वेळी."

धाकटीने ताईचा हात धरला आणि म्हणाली, "जाय नं ताई. मी गोळ्या घेतो ना." मला तेव्हा ती फार गोड वाटली. मोठी हो म्हणाली ती माझ्यामुळे की तिच्यामुळे, हे मी नंतर खूपदा मनात घोळवलं. तिच्यामुळे, असं उत्तर आलं तर बरं होईल म्हणून.

ती गेली. तिचा फोटो मी फलकाच्या मध्यभागी लावला. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आमच्या विद्यार्थिनीची बंगळुरूला निवड'. वर्तमानपत्रातही चार ओळी आल्या. कुलगुरूंनी एका बैठकीत तिचं नाव घेतलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मला बरं वाटलं होतं, ते लपवण्यात अर्थ नाही.

पाऊस सरत आला होता, धान पोटरीत होतं. दुपारी वर्ग चालू असताना तिच्या वडिलांचा फोन आला. मी बाहेर येऊन घेतला.

"मॅडम, लहानी सकाळपासून हात उचलत नाई. तिची आई म्हणे दुखत असन, तेल लावलं, शेकलं."

"दुखतंय का तिला?"

"दुखत नाई म्हणे. बोलणं समजत नाई तिचं. तोंडही तिरपं वाटून राह्यलं."

 हात गेलेला, बोलणं अडखळलेलं, तोंड वाकडं. दुसऱ्या वर्षाच्या पोरीनेही ओळखलं असतं. मोठी घरी असती तर सकाळीच ओळखलं असतं. सकाळपासून ते घर तेल लावत बसलं होतं.

मी एकशे आठला फोन केला, अहेरीच्या डॉक्टरांना केला, चंद्रपूरच्या रुग्णालयात ओळखीच्या सिस्टरांना सांगून ठेवलं. अँब्युलन्स तिला अहेरीहून चंद्रपूरला घेऊन आली तेव्हा मी दारातच उभी होते. स्ट्रेचरवरून तिने मला ओळखलं. अर्धं तोंड हसलं. रक्त लागणार होतं. आमच्या मुली वर्ग सोडून रक्तपेढीत जाऊन बसल्या. पुढे तिच्या खाटेजवळून मी फारशी हललेच नाही. रजा टाकली. तिची आई रात्री खाटेखाली झोपायची, सकाळी मी आणलेला डबा दोघी खायचो. तिला माझी भाषा येत नव्हती आणि मला तिची. ती फक्त माझा हात धरून ठेवायची. तो हात मला सहन होत नव्हता, आणि सोडवून घेणंही जमत नव्हतं.

मोठीला मीच फोन केला होता. ती ट्रेनने बल्लारपूरला उतरली आणि तशीच बॅग घेऊन वॉर्डात आली. आधी तिने फाइल वाचली. उभ्यानेच, पहिल्या पानापासून. मग धाकटीच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडून पाहिली. माझ्याकडे वळून ती म्हणाली, "तुम्ही घरी जा आता मॅडम. थकल्या असाल."

धाकटी वाचली. चालायला लागली, थोडी ओढत. उजवा हात मात्र पुरता आला नाही, आणि शब्द शोधायला तिला वेळ लागू लागला. मोठी बंगळुरूला परत गेली नाही. तिथल्या लोकांनी काही दिवस वाट पाहिली, मग जागा दुसऱ्या कुणाला दिली. काही महिन्यांनी मोठीला गावाजवळच्या उपकेंद्रात कंत्राटी नेमणूक मिळाली.

हे एवढ्यावर राहिलं असतं तर मी माझं ओझं मुकाट वाहिलं असतं. पण पुढच्या वर्षी विद्यापीठाच्या वर्धापनदिनी विद्यार्थ्यांसाठी झटणाऱ्या शिक्षकाचा सत्कार ठरला आणि त्यात माझं नाव आलं. माजी विद्यार्थ्यांकडून नावं मागवली होती. मोठीने माझं सुचवलं होतं. मी प्राचार्यांकडे गेले आणि मला हे नको म्हणाले.

"अहो, तुम्ही त्या पोरीचा जीव वाचवला," ते म्हणाले. "उगाच संकोच करू नका."

त्यांना काय सांगणार होते मी? मी कसलाही नियम मोडला नव्हता. कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. तरी त्या शालीखाली मला गुदमरल्यासारखं झालं. निवेदिका माईकवरून सांगत होती की मॅडम आईसारख्या त्या मुलीजवळ बसून होत्या. सभागृहात पुढच्या रांगेत धाकटी बसली होती, आईच्या शेजारी. ती टाळ्या वाजवत होती. उजवा हात मांडीवर पालथा ठेवून त्यावर डावा मारत होती, आणि त्या टाळीचा आवाज होत नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर मोठी मला सभागृहाच्या मागच्या पायऱ्यांवर सापडली. मी शाल घडी करून पिशवीत घातली होती. ती शेजारी बसली.

"तुमचं तोंड उतरलं होतं स्टेजवर," ती म्हणाली.

मी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"मले राग आला होता मॅडम तुमचा. ट्रेनमध्ये मी पूर्ण रस्ताभर तुमच्यावर रागावूनच आली. आल्यावर बोलाचं होतं. पण आई म्हणे, या बाईनं मले रोज जेवू घातलं. मंग मी काय बोलू?"

"अजून येतो राग?"

 "येते कधी कधी. धाकटी वेणी घालाले लागली अन् नाई जमलं, का येते. मंग स्वतःचाही येते. मी हो काऊन म्हटलं? अन् मॅडम, खरं सांगू का? तिथचं आयसीयू मले अजून आठवते. मले आवडत होतं तिथी."

हे शेवटचं मी ऐकायला तयार नव्हते. मी स्वतःला एकाच गोष्टीसाठी बोल लावत होते, तिला पाठवल्याबद्दल. परत यावं लागल्याचं तिचं दुःख मी हिशेबातच धरलं नव्हतं.

"मग माझं नाव काऊन दिलंस?" मी विचारलं.

"दोन्ही खरं आहे म्हणून," ती म्हणाली. "राग खरा आहे, अन् तुम्ही आल्या तेही खरं आहे. फॉर्मवर रागाचा रकाना नव्हता." आणि ती हसली. मला रडू आलं. पिशवीतून शाल काढून तिने माझ्या हातात दिली, डोळे पुसायला. इतके महिने जे ओझं वाहत होते ते त्या दिवशी थोडं हलकं झालं. तिने माफ केलं म्हणून नव्हे, माफ केलं असं ती म्हणालीच नाही. ती रागावली होती हे तिने माझ्या तोंडावर सांगितलं, म्हणून.

तेव्हापासून फलकावर संधीची सूचना लावली की मी मुलींना बोलावून आधी विचारते, घरी कोण आहे, कुणाची तब्येत, कुणाचं औषधपाणी तुझ्याकडे आहे का. मला ते शहाणपण वाटत होतं. यंदा हैदराबादच्या एका रुग्णालयासाठी नागभीडच्या मुलीची निवड झाली. मी तिलाही तेच सगळं विचारलं. तिची आई दम्याची पेशंट निघाली. मी म्हणाले, "नीट विचार कर बाई. घाई करू नको."

तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं. "मॅडम, मागच्या साली वरच्या वर्गातल्या एका पोराले पाठवलं तुम्ही. त्याले विचारलं होतं का हे?"

मी आठवून पाहिलं. विचारलं नव्हतं. त्याच्या घरी आजारी आजोबा होते, ते मला खूप नंतर समजलं होतं.

ती गेली हैदराबादला. मी तिला अडवलं नाही आणि ढकललंही नाही, निदान तसा प्रयत्न केला. दर आठवड्याला मी नागभीडला तिच्या आईला फोन करते. दम्याचा पंप वेळेवर घेता का, धुरात स्वयंपाक करता का, असलं विचारते. ती बाई उत्तरं देते, पण अलीकडे तिच्या आवाजात थोडा कंटाळा येऊ लागला आहे. परवा तिने मागे कुणाला तरी सांगितलेलं मला ऐकू आलं, "त्याच कॉलेजवाल्या बाई आहेत. त्याईले काही काम नाई वाटते."