कागदाला न दिसलेला पदर

मी विसरते, हे खरं आहे. वरण गॅसवर ठेवून बाहेरच्या ओट्यावर मिरच्यांचे देठ खुडत बसले आणि पातेलं जळून काळं झालं. दुसऱ्या वेळी बटण चालूच राहिलं, खोलीभर वास पसरला. माझी खोली वेगळी, शेगडी वेगळी. मुलाचं घर समोर आहे. तो धावत आला, रेग्युलेटर काढला आणि आपल्या कपाटात ठेवून दिला.

"माय, आते गॅसले हात लावू नको. भाकर आयती भेटस ना तुले?"

"आयतं कुत्राले टाकतस," मी म्हणाले.

डॉक्टरनं तपासून सांगितलं, हे वेड नाही. स्मरण थोडं कमी झालं आहे, अंगाचा आणि डोक्याचा व्यायाम करा. गावातल्या आरोग्य उपकेंद्राच्या पडवीत आठवड्यातून तीन दिवस त्याचा वर्ग भरायचा. नंदुरबारहून एक ताई यायची. मुलगा म्हणाला, दोन महिन्यांनी ताईचा कागद चांगला आला तर रेग्युलेटर परत. मी गेले ती त्या रेग्युलेटरसाठी.

चालणं, खुर्चीवरून उठबस, हे मला जमलं. गुडघेही सुटे झाले, खोटं कशाला बोलू? पण पुढचा खेळ वेगळा. दोन्ही हात वर नेताना एका भाजीचं नाव घ्यायचं, खाली आणताना एका जनावराचं. शेवटी ताईनं सुरुवातीला सांगितलेले पाच शब्द आठवून मोठ्यानं म्हणायचे. ती आम्हाला गोल बसवायची, आणि बरोबर माझ्यासमोर माझे जेठ, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ.

लग्न होऊन आले तेव्हापासून जेठांनी माझं तोंड पाहिलेलं नाही. ते समोर असले की डोक्यावरचा पदर डाव्या हातानं नाकापर्यंत ओढायचा, टोक दातात धरायचं, आवाज काढायचा नाही. घरात मरण झालं तेव्हाही मी हा नेम मोडला नाही. मग या पडवीत मी दोन्ही हात वर करून "वांगं" म्हणून ओरडू? मी खुर्ची फिरवून बसले, तर ताई म्हणाली, "आजी, तोंड इकडे करा, लाजता काय लहान मुलीसारखं?" आणि टाळ्या वाजवल्या. लहान मुलगी! तिच्या आईच्या जन्माआधी मी मिरच्या वाळवायच्या पथारीवर पाट्या उचलत होते.

दोन महिन्यांनी कागद आला. मुलानं माझ्यापुढे उभं राहून वाचला. डावा हात वर जात नाही. शब्द आठवत नाहीत. एकटीनं स्वयंपाक करू देऊ नये.

"मन्हा हात वर जात नही?" मी तिथंच दोन्ही हात आढ्याकडे केले. "समोर तुन्हा मोठा बाबा बठेल ऱ्हास. पदर सोडू का?"

तो हसला. "माय, कागदले पदर दिखस का?"

ज्या पोराला मी त्याच्या काकापुढे पायात जोडे घालून उभं राहू नये असं शिकवलं, तो मला हे विचारतो! मी त्या दिवशी सुनेनं आणलेलं ताट परत पाठवलं.

पुढच्या वर्गाला मी भांडायच्या तयारीनं गेले. तास संपला की ताईला बाजूला घेऊन सांगणार होते, की जेठांना तरी उठव नाहीतर मला. त्याआधीच जेठांनी माझ्याकडे बोट केलं आणि ताईला मोठ्यानं विचारलं, "ती पदर लिसन बठेल बाई कोन शे? रोज येस. कोना घरनी शे?"

कुणी हसलं नाही. मीही नाही. एकाच भिंतीच्या अल्याड-पल्याड त्यांनी आणि मी सगळा जन्म काढला होता.

मी उठले. दातातलं टोक सोडलं, दोन्ही हात वर केले. पदर खांद्यावर पडला. ताईनं तासाच्या सुरुवातीला दिलेले पाच शब्द मी म्हणाले: कुलूप, बैल, चष्मा, केळी, दोरी. मग उलटे म्हणाले: दोरी, केळी, चष्मा, बैल, कुलूप. जेठ माझ्या उघड्या तोंडाकडे बघत होते, बाजारात अनोळखी बाईकडे बघावं तसे. मी पदर परत डोक्यावर घेतला आणि बसले.

नवा कागद आला. मुलानं रेग्युलेटर बसवून दिला. आता गॅस पेटलेला असला की मी शेगडीपुढून उठत नाही, मिरच्याही तिथेच खुडते. पण कागदावर ताईनं काय लिहिलं? "व्यायामाने डाव्या हातात चांगली सुधारणा." मुलगा येणाऱ्या-जाणाऱ्याला ते वाचून दाखवतो. मी दरवेळी सांगते, हात पहिल्यापासून वर जात होता. ते एकमेकांकडे बघतात आणि म्हणतात, म्हातारी हेही विसरली.