मावससासूची भिंगरी

माझ्या मावससासूला या पृथ्वीतलावरची कुठलीही कुरकुर सहन होत नाही. माणसांची तर नाहीच, पण लोखंडाची त्याहून नाही. साखरखेर्ड्यात त्यांनी उभा जन्म शिलाई मशीन चालवलं, आणि मशीनच्या तेलाची लांब चोचीची कुप्पी अजूनही त्यांच्या पिशवीत असते. कुणाच्या लग्नात कूलर खडखडला की मावशी पंगत सोडून उठतात. एकदा शेजारी भेटायला गेल्या होत्या, घरातलं म्हातारं माणूस गेलं होतं, बायका रडत होत्या, आणि मावशी दाराच्या बिजागरीत तेल सोडत होत्या. कुणी तरी डोळे वटारले, तर म्हणाल्या, "त्याईले आराम भेटला, आता याले भेटू द्या." लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला जावयाला तेल-उटणं लावतात. मावशींनी मला सोडून माझ्या मोटारसायकलच्या चेनला लावलं. "तुम्ही नाही कुरकुरत, जवाईबुवा. हे कुरकुरते."

त्यांची धाकटी लेक बॉक्सिंग शिकली, त्या जोरावर पोलिसात लागली आणि प्रशिक्षणाला नागपूरला गेली. मागे राहिला तो ओसरीवरच्या फळीला टांगलेला पपईएवढा चामडी फुगा. त्यावर भराभर ठोसे मारायचे आणि तो फळीवर आपटून परत यायचा, असा खेळ. फुगा चौफेर फिरावा म्हणून वर स्विव्हल नावाची लोखंडी कडी असते. मावशी तिला भिंगरी म्हणतात. लेक गेल्यावर मावशींचा खांदा आखडला, डॉक्टरांनी हात हलवायला सांगितलं, आणि मावशींनी फुगा धरला. रोज सकाळी नऊवारीचा पदर खोचून त्या असा काही ताल धरत की समोरचा दुकानदार त्यावर शटर उघडी.

या थंडीत मी गेलो तो नेमका लेक येण्याच्या आदल्या दिवशी. तिच्या स्पर्धा होत्या, दोन दिवस घरी सराव करणार होती. मावशींनी मला कौतुकाने ओसरीवर उभं केलं, हातात चहा दिला आणि फुग्याला ठोसा मारला. फुगा सरळ परत यायचा तो मध्येच अडला, तिरपा वळला आणि माझ्या बशीवर आला. चहा माझ्या पांढऱ्या शर्टावर. मावशींनी शर्टाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"भिंगरी जाम झाली! पोरगी उद्या येऊन राह्यली, अन् हे आताच अडलं. धरा बरं फळी."

चहाचे डाग मिरवत मी स्टुलावर चढलो. मावशींनी पाना लावला, स्क्रू काढले, कडी ताटलीत उघडली. आतल्या फिरत्या लोखंडी गोळीभोवती पांढरट, मातकट लोण्यासारखं काही तरी घट्ट बसलं होतं. मावशींनी बोटावर घेतलं, हुंगलं, आणि त्यांचा चेहरा फौजदारासारखा झाला.

"हे तं खोबरेल हाय! थंडीनं गोठलं, त्यात धूळ बसली. कोणं घातलं?"

घरात माणसं दोनच. दुसरे माझे मावससासरे. भाजीचा मळा करणारे, दिवसाकाठी चार वाक्यं बोलणारे, आणि डोकं पार तुळतुळीत. ते वांग्यांची टोपली निवडत बसले होते. आता ते अधिकच मन लावून निवडू लागले.

"अहो, तुमच्या डोक्यावर एक केस नाही. मंग खोबरेलाची बाटली काऊन सरून राह्यली?"

"मीच घालत होतो," ते वांग्याकडे बघत म्हणाले. "तू मशीनवर राहे तवा पोरीच्या वेण्या मीच घालत होतो. पार दहावीपर्यंत. मंग तिनं केस कापले. बाटली समोर दिसे, हात शिवशिवत. मनलं, तिच्या भिंगरीले तरी लावू."

मावशींनी वाटीत डिझेल घेऊन गोळी घासली, पुसली, मशीनच्या तेलाचे दोनच थेंब सोडले. कडी परत बसवून ठोसा मारला, आणि फुगा फळीवर खणखणीत वाजू लागला.

संध्याकाळी बससाठी निघताना निरोप घ्यायला मागच्या दारी गेलो. मावशी पायरीवर केस सोडून बसल्या होत्या, मागे बाटली घेऊन मावससासरे.

"तेलच लावा, वेणी मी घालीन," त्या दटावत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "जवाईबुवा, तिकडे पाहा."

मी वळलो, पण जरा उशिराच. मावशींचे केस आता जेमतेम खांद्यापर्यंत उरलेत. मावससासऱ्यांचा हात मात्र केस संपले तरी थांबत नव्हता. लांब वेणी असावी तसा तो मोकळ्या हवेतून हळूहळू खाली कमरेपर्यंत उतरत होता. आणि मावशी मान न हलवता त्याला उतरू देत होत्या.