जड हवेचा रविवार

“आज काही होणार नाही. हवा जड आहे,” आमच्या ग्लायडिंग क्लबचे सेक्रेटरी म्हणाले आणि सगळ्या सिनियर मेंबरांना घेऊन शहरात जेवायला निघाले. मैदानावर उरलो तिघे. इन्स्ट्रक्टर म्हणून मी, विंच चालवणारा थॉमस आणि शिंदे मास्तर.

मास्तर जयनगरच्या एका शाळेत सायन्स शिकवत. बेंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं मराठी घर. वयाने माझ्यापेक्षा मोठे, तरी मला अण्णा म्हणायचे. शिकवतो तो अण्णा, असा त्यांचा हिशोब. हेडमास्तर म्हणून त्यांची बळ्ळारीकडे बदली झाली होती आणि त्याच आठवड्यात निघायचं होतं. तिकडे ग्लायडर कुठून मिळणार? त्यांचं ‘सी’ सर्टिफिकेट तेवढं राहिलं होतं. त्यासाठी एकट्याने उडून, वर चढणाऱ्या हवेत टिकून दाखवावं लागे. हा त्यांचा शेवटचा रविवार होता.

ग्लायडरला इंजिन नसतं. विंच म्हणजे लांब केबल झपाट्याने गुंडाळणारं यंत्र. ते ग्लायडरला पतंगासारखं वर ओढतं. केबल सोडली की घसरत खाली यायचं. वाटेत थर्मल, म्हणजे तापून वर निघालेली हवा, भेटलीच तर तिच्यात घिरट्या घालत घारीसारखं चढायचं. थर्मल हे दुपारचं काम, आणि आमच्या क्लबात दुपार सिनियरांची. ट्रेनींनी सकाळी उडायचं, हवा शांत असते म्हणून. शिकायला ते ठीकच आहे. पण शांत हवेत माणूस चढणार काय, कपाळ? मास्तर दर रविवारी जयनगरहून सायकल मारत यायचे, सकाळी चार मिनिटं घसरायचे आणि दुपारी मान वर करून सिनियरांकडे बघत बसायचे. मला त्यांची दया यायची आणि रिवाजाचा संताप.

त्या दिवशी रिवाज जेवायला गेला होता. पण आदल्या रात्री मँगो शॉवर, म्हणजे उन्हाळ्यातला वळवाचा पाऊस, येऊन गेला होता, मैदान ओलं होतं.

“अण्णा, हवा खरंच जड आहे का?” मास्तरांनी विचारलं.

“तुम्ही सायन्सचे मास्तर. तुम्हीच सांगा.”

“वाफ हलकी असते. म्हणजे दमट हवा कोरडीपेक्षा हलकीच पाहिजे.”

बरोबर होतं. दमट दिवशी माणूस जड होतो, हवा नाही. सकाळी थर्मल नव्हते ते ओल्या जमिनीमुळे. उन्हाची सगळी ऊब चिखल वाळवण्यात खर्च होत होती, हवा तापवायला उरतच नव्हती. म्हणजे सेक्रेटरींचं सकाळपुरतं निरीक्षण बरोबर, कारण चूक. आणि कारणाला महत्त्व होतं. हवा जड असती तर दिवसभर जडच राहिली असती. चिखल मात्र वाळतो.

हँगरच्या व्हरांड्यात दोन थर्मामीटर शेजारी टांगलेले असत. एकाच्या बुडाला ओलं फडकं. दोघांचे आकडे जवळ असले की हवेत ओल जास्त. सकाळी ते अगदी चिकटून होते. आता कोरड्याचा पारा बराच वर गेला होता, ओल्याचा जेमतेम. म्हणजे ऊन आता हवेला लागत होतं.

“चला मास्तर, बसा.”

पहिल्या खेपेला काहीच मिळालं नाही. मास्तर सरळ घसरत खाली आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “सरी, ठीक आहे अण्णा. नशिबात नाही.”

“स्वल्प थांबा,” मी म्हणालो. होसकोटेच्या बाजूला नांगरलेली लाल जमीन वाळून फिकी पडली होती. तिच्यावर पांढऱ्या ढगाचा एक पुंजका धरू लागला होता. वर जाणारी हवा हजार फुटांना साधारण तीन अंशांनी गार होते. ती पुरेशी गार झाली की वाफेचे थेंब होतात आणि ढग दिसतो. वाफ थेंब होताना आपली ऊब हवेला परत देते. मग ती हवा निम्म्याच वेगाने गार होते आणि आणखी चढत राहते. ढग म्हणजे वर जाणाऱ्या हवेची पाटीच. पण तो फार फुगला तर ग्लायडरला आत ओढून घेतो.

“त्याच्याखाली जा. पोट काळं दिसू लागलं की निघा. आत शिरायचं नाही.”

थॉमसने केबल ओढली. मास्तर ढगाखाली पोचले, एक घिरटी घातली आणि थोडे खाली आले. माझा जीव खालीवर झाला. दुसऱ्या घिरटीत पंख कलंडला आणि ग्लायडर लहान लहान होऊ लागलं. मी आणि थॉमस वेड्यासारखे ओरडलो.

तेवढ्यात सेक्रेटरींची गाडी आली. “कोण आहे वर? दुपारी?”

“शिंदे मास्तर.”

“टर्न आमचा आहे. खाली बोलवा.”

“रेडिओ नाही साहेब. आणि हवा जड आहे, येतीलच आता खाली.”

सेक्रेटरी माझ्याकडे रोखून बघत राहिले, मग वर. ढगाचं पोट काळवंडू लागलं होतं. मलाही आता धाकधूक वाटत होती. पण मास्तर वेळेवर बाहेर पडले, मोठा फेरा घेऊन अलगद उतरले. पंख धरायला सगळ्यात आधी धावले ते सेक्रेटरी. चांगल्या बुटांनी, चिखलातून.

मास्तर कॉकपिटमधून उठेनात. चष्मा पुसत होते, पण चष्म्याला काही झालं नव्हतं.

“उतरा मास्तर,” सेक्रेटरी म्हणाले. “सर्टिफिकेटवर सही करायचीय मला.”

पुढच्या रविवारी क्लबचा रिवाज बदलला. दुपारी एक ग्लायडर ट्रेनींसाठी ठेवायचं ठरलं. सुचवलं खुद्द सेक्रेटरींनी. ट्रेनी खूश झाले, मीही झालो. मास्तर तोवर बळ्ळारीकडे जाऊन रुजू झाले होते. नियम ज्याच्यामुळे सुधारतो त्याच्या तो क्वचितच उपयोगी पडतो, हे पुढे नोकरीत मी बऱ्याचदा पाहिलं. पण त्याची पहिली चुटपुट लागली ती त्या रविवारी.