विहिरीतला अहीर

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की आमच्या बुडालेल्या गावाची विहीर उघडी पडते. घरांच्या जागा गाळाखाली गेल्या, पण विहिरीचं दगडी बांधकाम अजून उभं आहे. त्या वर्षी पाणी लवकर मागं सरलं आणि विहिरीत एक अहीर अडकला. अहीर म्हणजे सापासारखा लांबडा, बुळबुळीत मासा. माझे वडील, आबा, गुरं पाण्यावर घेऊन गेले होते, तेव्हा त्यांना तो दिसला. विहिरीत गुडघाभर पाणी राहिलं होतं आणि तेही आटत चाललं होतं.

"चल, काढू त्याला," आबा म्हणाले. मी वेल्ह्याला नोकरी करते, त्या दिवशी सुट्टी म्हणून काठावरच्या नव्या घरी आले होते. मला वाटलं, कालवणासाठीच काढायचाय.

आम्ही पायऱ्या उतरलो तसा तो दोन चिऱ्यांमधल्या फटीत शिरला. आबांचा हात जाड, आत जाईना. मग मी हात घातला, पार खांद्यापर्यंत. बोटांना त्याची गार पाठ लागली. मी मूठ आवळली, त्यानं हिसडा दिला, आणि झटापटीत वरचा चिरा खचून माझ्या दंडावर बसला.

"आबा, हात निघत न्हाई."

"वढू नगं. फुगंल त्यानं."

त्यांनी चिरा उचलायचा प्रयत्न केला, पण तो जागचा हलेना. मोबाईलला रेंज नव्हती. "म्या पहार घिऊन येतो. हितंच थांब," असं म्हणून ते गेले. थांबण्यावाचून मी दुसरं काय करणार होते!

पाण्यात उकिडवी बसून मी हाका मारल्या. माझाच आवाज परत यायचा. आत अहीर हालत होता. डोकं माझ्या तळहाताला टेकवायचा, मागं जायचा, पुन्हा यायचा. चावेल म्हणून मी अंग चोरून बसले. मग ध्यानात आलं, त्याला बाहेर यायला तेवढीच एक वाट होती आणि तिच्यात माझा हात होता. पुढं तो हालायचा थांबला, तेव्हा मला जास्तच भीती वाटली. मेला असेल तर या भोकात मी एकटीच. मी बोटं हलवली. बऱ्याच वेळानं तिकडून हालचाल झाली, आणि मला रडू फुटलं.

आबा शेजारच्या काकांना घेऊन आले. दोघांनी पहार लावून चिरा उचलला. माझा हात निघाला, पाठोपाठ अहीरही सळसळत बाहेर आला. आबांनी त्याला ओल्या पोत्यात घेतलं आणि सरळ धरणाच्या पाण्याकडं चालू लागले.

पोतं पाण्यात मोकळं केलं. तो काठालाच पडून राहिला.

"ह्ये अंडी घालाया समुद्राला जात्यात म्हणं," काका म्हणाले.

"कुठनं जातंय? फुडं धरणाची भिंत न्हाई व्हय?" आबा म्हणाले.

"मंग सोडला कशाला?" मी विचारलं.

"हिरीत तरी नगं मराया."

अहीर हळूच खोल पाण्यात गेला. आबा तिथंच बसले. मी हाक मारली, तर म्हणाले, "तू व्हो फुडं."

हात टम्म सुजला होता. दवाखान्यात जायला मी वेल्ह्याची एसटी धरली. एका बाईनं सरकून आत खिडकीपाशी जागा दिली, पण तिच्या आणि खिडकीच्या मधे मला बसवेना. वेल्हे येईपर्यंत मी दारापाशी उभी राहिले.