बाटलीची छाती, बाटलीचा गळा

मास्तरांच्या मापाच्या वहीत सगळी गल्ली आहे. बँकेतल्या साहेबांचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे, हे साहेबांच्या घरच्यांनासुद्धा माहीत नसेल, पण वहीत आहे. कोणाचं पोट कोणत्या वर्षी सुटलं, कोण आजारपणानंतर छातीत उतरला, सगळं तारखेसकट. अशा या वहीत एका पानावर मास्तरांच्याच अक्षरात लिहिलंय: ‘बाटली. छाती दहा. गळा साडेतीन. उंची अकरा. खांदा उतरता. बाही नाही.’

हे पान मास्तर येईल त्याला दाखवतात. आणि दाखवताना स्वतःला इतकी नावं ठेवतात, की ऐकणाऱ्याला ठेवायला एकही शिल्लक राहत नाही.

मास्तर म्हणजे शिंपी. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, मधे पडदा. दुकानात एक मशीन, एक उभा आरसा, कोळशाच्या जमान्यापासून टिकून राहिलेलं इस्त्रीचं टेबल आणि भिंतीवर हँगरला लटकलेले लोकांचे कपडे. सदतीस वर्षं मास्तर या मशीनवर बसलेत. लोकांच्या शर्टाची बटणं ते अशी पक्की लावतात, की शर्ट फाटेल पण बटण सुटणार नाही. त्यांच्या स्वतःच्या शर्टाला वरून तिसरं बटण नाही. तिथे टाचणी आहे. ‘वेळ कुठे मिळतो’ असं ते म्हणतात, आणि तेवढ्यात चहा पिऊन येतात.

पडद्यामागे घर होतं आणि घरात बायको होती. नळाला पाणी सकाळी सहा ते सात. तेवढ्यात पिण्याच्या पाण्याच्या अठरा बाटल्या भरून व्हायच्या. ओट्यावर शेगडी, डबे, मिक्सर यांनी आधीच ठाण मांडलेलं, म्हणून बाटल्या ओट्याशेजारच्या भिंतीला लागून खाली जमिनीवर, ओळीने. भरून ठेवताना अठरा वेळा वाकायचं आणि दिवसभरात उचलताना पुन्हा अठरा वेळा. मास्तरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक होतं, की मशीनवरून मान न उचलता उजवीकडे हात केला की हातात बाटली येते. ही सोय त्यांना जन्मापासून मिळाली असावी अशा थाटात ते पाणी प्यायचे.

एका सकाळी पडद्यामागून हाक आली. “अहो, जरा येता का?”

“आलो,” मास्तर म्हणाले.

तेव्हा ते कॉलर बसवत होते. कॉलर एका दमात बसवायची असते. मधे मशीन थांबलं की टाक्यांत गाठ येते, आणि मास्तरांच्या कॉलरला आजवर गाठ आलेली नव्हती. ती कॉलर झाली. मग वाटलं, दुसरीही झाली तर बरं. ती अर्धी झाली असताना पुन्हा हाक आली, पण या वेळी आवाज वेगळाच होता. मास्तर आत गेले तर बायको कमरेत वाकलेली, एका हातात चौदावी बाटली, दुसरा हात भिंतीला, आणि तिला ना वर होता येत होतं ना खाली बसता येत होतं. ती तशीच उभी होती, दीड कॉलर इतका वेळ.

मास्तर हे सांगताना इथे थांबतात. “लाज वाटली,” म्हणतात. “आयुष्यात तेवढी कधी वाटली नव्हती.”

डॉक्टरांनी पट्टा दिला, गोळ्या दिल्या आणि बजावलं: वाकायचं नाही. पुन्हा अशी कंबर धरली तर महिनोन्‌महिने अंथरुणात. संध्याकाळी बायकोची थोरली बहीण आली. ही बाई शाळेत मुख्याध्यापिका होती आणि घरीही तशीच वागायची. तिने भिंतीपाशी ओळीने उभ्या असलेल्या बाटल्यांकडे पाहिलं, गैरहजर पालकाकडे पाहावं तसं मास्तरांकडे पाहिलं आणि बॅग भरायला घेतली.

“भावोजी, हिला मी नेते. या बाटल्या जमिनीवरून हलल्या की सांगा, आणून सोडते. नाही हलल्या तर ही माझ्याकडेच बरी.”

“अहो ताई, दोन दिवसांत करतो काहीतरी.”

“तुमचे दोन दिवस मला माहीत आहेत,” ताई म्हणाल्या. त्यांच्या यजमानांचा कोट मास्तरांनी लग्नाला म्हणून घेतला होता आणि बारशाला दिला होता.

घर रिकामं झालं. सकाळी सहाला नळ सुरू झाला आणि बाटल्या भरायला कोणी नाही, हे मास्तरांच्या सव्वासहाला लक्षात आलं. भरल्या. अठराच्या अठरा. मग पाऊण तास मशीनवर सरळ बसता येईना.

बाटल्या जमिनीवरून उचलून ठेवायला काहीतरी हवं, एवढं तर ठरलं. समोरच्या सुताराने रस्त्यातूनच सांगितलं, “मास्तर, दोन फळ्या, चार ब्रॅकेट. उद्या दुपारी ठोकून देतो.”

इथे शहाणा माणूस हो म्हणाला असता. पण मास्तरांना वाटलं, बायकोला परत आणायचं ते दुसऱ्याच्या फळीवर? हे आपण करायचं. आपल्याला येतं काय, तर शिवणं. मग बाटल्यांचा स्टँडही शिवायचा. भिंतीवर लटकणारा जाड कापडाचा पडदा, त्याला तीन रांगांत सहा सहा खिसे, एका खिशात एक बाटली. सुताराला ते म्हणाले, “लाकडाला माप काय कळतंय!” सुतार हसला आणि रंधा मारायला लागला.

मास्तरांनी मग बाटलीला टेबलावर उभं करून रीतसर माप घेतलं. टेप फिरवताना सवयीने म्हणाले, “श्वास रोखू नका.” बाटलीने रोखला नाही. वहीत नवीन पान काढलं, छाती, गळा, उंची लिहिली. मग भिंतीचं माप घेतलं, खिळ्यांचं घेतलं, स्टँड लटकवायच्या नळीचं घेतलं. वरची रांग किती उंच हवी? मास्तर भिंतीपाशी उभे राहिले, हात सहज वर केला आणि जिथे हात पोचला तिथे खडूने खूण केली. मोजून मापून, काही म्हणून राहिलं नाही असं त्यांना वाटलं.

कापड पट्ट्यापट्ट्यांचं होतं, छत्रीवाल्याने मागे ठेवून दिलेलं, मजबूत. आता पट्ट्यांचं कापड सरळ कापलं तर पट्ट्या सरळ येतात, त्यात काय कसब? मास्तरांनी ते उरेब कापलं. उरेब म्हणजे कापडाच्या उभ्याआडव्या धाग्यांना धरून न कापता कोनात तिरकं कापायचं. दोन तुकडे मधोमध जोडले की पट्ट्या बाणासारख्या दोन्हीकडून येऊन भेटतात. कोणी बघितलं तर म्हणेल, वा. उरेब कापड अंगासरशी सैल पडतं, ओढलं की ताणतं, हे शिंप्याच्या दुकानात झाडू मारणाऱ्यालाही माहीत असतं. मास्तरांना सदतीस वर्षं माहीत होतं. पण त्या घडीला त्यांना फक्त ते ‘वा’ ऐकू येत होतं.

कामात तीन आठवडे गेले. त्यातले दोन खिशांच्या काठाला गोट लावण्यात गेले. स्टँड लटकवला, रिकाम्या बाटल्या खिशांत घालून ट्रायल घेतली. फिटिंग अप्रतिम. खालची रांग जमिनीपासून चांगली वीतभर वर. सुतार येऊन बघून गेला आणि खरंच “वा” म्हणाला. मास्तरांनी लगेच फोन लावला.

“ये. झालंय.”

“खरंच?” बायकोने विचारलं. तिच्या आवाजात इतका आनंद होता, की मास्तरांना एकदम आपण फार कर्तबगार असल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी अठरा बाटल्या काठोकाठ भरल्या, पुसल्या, खिशांत ठेवल्या आणि टाचणीच्या जागी बटण लावलं. मग दुकानात जाऊन बसले. दुपारी बाराला दोघी बहिणी आल्या. मास्तरांनी पडदा बाजूला केला, हात पुढे केला आणि म्हणाले, “बघा.”

बघण्यासारखंच होतं. अठरा लिटर पाण्याने सहा तासांत कापडाला ओढ ओढ ओढलं होतं. खालच्या रांगेतल्या सहाही बाटल्या जमिनीवर आरामात टेकल्या होत्या. मधली रांग गुडघ्यापाशी आली होती. बाण दाखवणाऱ्या पट्ट्या लोंबून खाली जमिनीकडे बोट दाखवत होत्या.

“भावोजी,” ताई म्हणाल्या, “बाटल्या खालीच बसल्यात की.”

मास्तरांच्या तोंडून सदतीस वर्षांच्या सवयीने निघून गेलं, “एकदा धुतलं की बसेल बरोबर.”

वरची रांग तेवढी अजून वर होती. बायकोने तिथली बाटली घ्यायला हात उंचावला. टाचा उचलल्या. पट्टा बांधलेली कंबर आखडली, ती ‘स्स’ करून परत खाली आली. बोटं बाटलीच्या बुडाला कशीबशी लागली होती. म्हणजे खालच्या दोन रांगांसाठी वाकायचं आणि वरचीसाठी उडी मारायची.

“बॅग उघडायची घाई करू नकोस,” ताई बहिणीला म्हणाल्या.

मास्तरांनी भिंतीवरच्या आपल्या खडूच्या खुणेकडे पाहिलं. ती त्यांच्या उंचीची होती. बाटलीची छाती घेतली, भिंत मोजली, खिळा मोजला. जिच्यासाठी सगळं, तिचं माप घेतलं नाही. ते दुकानात गेले आणि वही घेऊन आले, उगीचच चाळली. बँकेतल्या साहेबांचं पान होतं. सुताराचं होतं. ताईंच्या यजमानांची तर तीन होती. बायकोचं नव्हतं. एकत्र राहून इतकी वर्षं झाली आणि ती किती उंच आहे हे त्यांना सांगता आलं नसतं.

“माप घ्यायचं राहिलंय,” ते म्हणाले.

त्यांनी गळ्यातला टेप काढला. “सरळ उभ्या राहा. हात सैल सोडा. श्वास रोखू नका.”

“अहो, मला काय ‘उभ्या राहा’ म्हणताय?” बायकोला हसू फुटलं. “आज नंबर लागला म्हणायचा माझा!”

पण ती उभी राहिली, एकदम सरळ, आरशासमोर गिऱ्हाईक राहतं तशी. मास्तरांनी टेपचं एक टोक तिच्या कोपराला धरायला दिलं आणि दुसरं जमिनीला टेकवायला ते खाली वाकले. एकवीस सकाळी, रोज अठरा बाटल्या. जमीन गाठली, आकडा वाचला, आणि कमरेत काहीतरी कटकन झालं. मास्तर तिथेच राहिले, एक हात जमिनीवर, दुसरा हवेत.

“किती आलं?” बायकोने वरून विचारलं.

“एकोणचाळीस.”

“मग या की वर.”

“आलो,” मास्तर म्हणाले.

आणि हलले नाहीत. तो शब्द दोघांनीही ओळखला होता.

“दुखतंय का हो फार?” बायकोने विचारलं. तिला वाकून त्यांना हात देता येत नव्हता आणि त्यांना वर बघता येत नव्हतं. जमिनीकडे बघतच मास्तर म्हणाले, “त्या दिवशी मी दीड कॉलर लावली. तू अशी उभी होतीस आणि मी दीड कॉलर लावली.”

“मोजलं होतं मी,” बायको म्हणाली. “मशीनचा आवाज येत होता ना.”

ताईंनी समोरच्या सुताराला हाक मारली. दोघांनी मिळून मास्तरांना पाटावरून पेटी उचलावी तसं उचलून खुर्चीत ठेवलं. मग ताईंनी विचारलं, “भावोजी, गेले तीन आठवडे या बाटल्या भरल्या कोणी?”

“मी.”

“रोज?”

“रोज. दुसरं कोण होतं?”

ताई स्टँडकडे बघत राहिल्या, मग मास्तरांकडे. “अहो, वाकून भरणारा घरातच होता की. मग हे सगळं शिवलं कशाला?”

ताईंचा हा प्रश्न मास्तर आता येईल त्याला सांगतात. ते म्हणतात, एवढ्या साध्या प्रश्नाला तीन आठवडे, आठ मीटर कापड आणि एक कंबर घालवणारा माणूस या गल्लीत मीच. ताईंनी बॅग उघडली आणि बहिणीचे कपडे कपाटात परत लावले.

सुताराने दुसऱ्या दिवशी दुपारी एकोणचाळीस इंचांवर फळी ठोकली. एकच, लांबच्या लांब, पुढे बाटली घसरू नये म्हणून पट्टी. ठोकताना तो एक शब्द बोलला नाही, आणि हे त्याचे उपकार मास्तर मानतात. सकाळी बाटल्या मास्तर भरतात. फळीवर हात घालून दिवसभरात बायकोच घेते, वाकत नाही, टाचा उचलत नाही. पट्ट्यांचा तो स्टँड दुकानात आहे, मोजे आणि दोऱ्याची रिळं ठेवायला. त्यांचं वजन नसतं.

परवा बँकेतले साहेब नवा शर्ट परत घेऊन आले. “मास्तर, एवढी वर्षं तुमच्याकडे शिवतो. ही कॉलरला मधेच गाठ कशी?”

मास्तरांनी चष्मा वर करून गाठ नीट पाहिली. कॉलरच्या ऐन मधोमध होती, मशीन थांबून पुन्हा सुरू केल्याची.

“तेव्हा आतून हाक आली होती, साहेब,” ते म्हणाले. “उसवून देतो. पण हाक पुन्हा आली तर पुन्हा येईल गाठ.”