अप्पांचा उजवा कान

आमच्या वन्सं सुया करतात. ऐकणाऱ्याला वाटतं, शिवणाच्या. मग मला सांगावं लागतं, की ही सुई केसाएवढी बारीक असते आणि ती कानाच्या पडद्यापलीकडे जाते. तिथे आतल्या कानाच्या तोंडावर एक पापुद्रा असतो, कांद्याच्या सालीहून पातळ. त्यातून औषध आत सोडायचं. ऐकणारा "अरे वा" म्हणतो आणि हवापाण्यावर येतो. मला राग येतो, पण लग्न होऊन आले तेव्हा मीही तेच केलं होतं.

वन्सं माझ्या नवऱ्याहून मोठ्या, लग्न न केलेल्या, बोलायला चार शब्द कमीच. इस्पितळाच्या मागच्या इमारतीत त्यांची कामाची खोली. दोन दारं, एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. पंखा नाही, कारण वाऱ्यानं सुई उडते. एकदा कुणीतरी शिंकलं आणि आठवडाभराचं काम गेलं. तो माणूस महिनाभर वन्संच्या समोर आला नाही.

त्यांचं सगळं डोकं एका गोष्टीत अडकलेलं. सुई फार धारदार असली तर पापुद्रा कापते. टोक जरासं गोलसर ठेवलं तर पापुद्र्याचे धागे नुसते बाजूला सरकतात आणि दोन दिवसांत भोक आपोआप बुजतं. अकराव्या सुईलाच त्यांचे साहेब म्हणाले होते, "झालं की आता, छान आहे." वन्संनी तीही मोडीत काढली. "बुजलं पाहिजे," एवढंच म्हणाल्या. अशा अठरा सुया झाल्या.

आणखी एक खोड होती. धागे कापले की सरकले, ते पाहायच्या चाचणीआधी ताटलीवर वाकून त्या हळूच म्हणायच्या, "टोचतंय हं." ताटलीत असायचा देहदान केलेल्या कुणाचा तरी कान, हाडासकट. बरोबरीचे आधी हसले, मग तेही म्हणायला लागले. ही खोड अप्पांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. अप्पांनी जन्मभर कंपाउंडरकी केली. पोर कितीही रडो, सांगितल्याशिवाय इंजेक्शन द्यायचे नाहीत. "न सांगता टोचणं म्हणजे चोरी," म्हणायचे.

अप्पांना उजव्या कानानं ऐकू येत नसे. घरात सगळे त्यांच्या डावीकडे बसायचे. रविवारी जेवण झालं की ते आरामखुर्चीत डाव्या कुशीवर कलंडायचे, उजवा कान वर. त्यांचा डोळा लागला की वन्सं खुर्चीपाशी गुडघे टेकायच्या, त्या कानाला तोंड लावून काहीतरी बोलायच्या आणि लगबगीनं आत जाऊन नळ सोडून भांडी घासायला घ्यायच्या. मला वाटायचं, चहाचं विचारत असतील. एकदा मी वाळलेले कपडे घेऊन मागून आले आणि ऐकलं. "अप्पा, तुमचा कान मी घालवला."

कपडे तसेच हातात धरून मी त्यांना आत गाठलं.

"काय हे वन्सं?"

त्यांनी नळ बंद केला नाही. "नऊ वर्षांची होते. अप्पांच्या कानात खाज सुटली होती. माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाले, तुझ्या केसांतल्या आकड्यानं जरा कोर गं. बाहेर तुझा नवरा धपकन पडला, मी दचकले. आकडा आत गेला. रक्त आलं थोडं. महिनाभरानं अप्पा तापानं अंथरुणाला खिळले. उठले तेव्हा कान गेलेला."

"मग तापानंच गेला ना!"

"ते म्हणतात तसं. मला वाचवायला."

"तोंडावर विचारा की एकदा."

"आणि ते हो म्हणाले तर?" वन्सं पातेलं घासत राहिल्या. "त्या कानात सांगितलं की बोलून होतं. ऐकू काही जात नाही."

मी त्यांना चांगलं झापलं. पन्नाशीची बाई आणि हा पोरखेळ! उपयोग शून्य. पुढच्या रविवारी त्या पुन्हा खुर्चीपाशी होत्याच.

अप्पांचीही एक तऱ्हा होती. जाग आली की चष्मा सारखा करायचे आणि समोर जे कुणी असेल त्याला मोठ्यानं सांगायचे, "तापानं गेला माझा कान. तापानंच." समोर बहुतेक मीच असायचे, कपड्यांच्या घड्या घालत. "हो हो, कळलं," मी म्हणायचे. नवऱ्याला म्हटलंही, की एवढ्या वेळा ऐकून आता मलाच ताप यायचा.

त्र्याऐंशीव्या वर्षी अप्पा गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहदान केलं. इस्पितळाचा नियम असा, की चिठ्ठीवर फक्त नंबर, वय, बाई की पुरुष आणि कान कुठला एवढंच लिहायचं. माणूस ओळखीचा निघाला, तर ताटली परत करायची.

आठ महिन्यांनी एकोणिसाव्या सुईची शेवटची चाचणी होती. चिठ्ठीवर लिहिलेलं: त्र्याऐंशी, पुरुष, उजवा. वन्संनी दुर्बिणीतून पाहिलं. कानाच्या पडद्यावर खालच्या अंगाला तिळाएवढा पांढरा डाग, एका बाजूनं तुटका. अप्पांना दरवर्षी मळ काढायला कानाच्या डॉक्टरांकडे त्याच न्यायच्या. तो डाग त्यांनी तिथल्या स्क्रीनवर वीस वर्षं पाहिला होता.

हे सगळं त्यांनी मला नंतर सांगितलं. जिवंत माणसाच्या कानातलं भोक बुजतं, मेलेल्याच्या नाही. सवयीनं त्या वाकल्या, "टोचतंय हं" म्हणाल्या, आणि हात पुढे जाईना. सुई डबीत ठेवली. ताटली परत करायच्या आधी ती घेऊन वरच्या मजल्यावर गेल्या. कानाच्या पेशी तपासणारे एक म्हातारे डॉक्टर तिथे बसतात. त्यांना सगळं सांगितलं, आकड्यासकट.

तीन आठवड्यांनी वन्सं घरी आल्या त्या चपला न काढता थेट स्वयंपाकघरात. मी मटार सोलत होते.

"डॉक्टर म्हणाले, तापानं गेला की टोचल्यानं, ते आता कळायचं नाही."

"बरं मग?"

"म्हणाले, पण हा कान ठार बहिरा नव्हता. आतल्या बऱ्याच पेशी शाबूत आहेत." त्यांनी ओट्याला हात टेकला. "कानाला तोंड लावून कुणी बोललं असेल, तर ऐकू गेलं असणार."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मला चष्मा सारखा करणारे अप्पा दिसले.

"वन्सं, उठल्यावर अप्पा काय म्हणायचे, ते तुम्ही कधी ऐकलं नाहीत?"

"मी आत असायचे. नळ चालू."

मी सांगितलं. शब्द न् शब्द.

"रोज?" त्यांनी विचारलं.

"नाही. रविवारीच."

त्या खाली बसल्या, चपलांसकट, आणि लहान मुलीसारख्या रडल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "खरं बोलले असतील, का पुन्हा मला वाचवलं?" मला काय ठाऊक? मला एवढंच दिसत होतं, की तो निरोप त्यांच्यासाठी होता, माझ्या हाती दिला होता, आणि मी "हो हो, कळलं" म्हणून घड्या घालत बसले होते.

एकोणिसावी सुई दुसऱ्या कानावर तपासली गेली आणि पास झाली. आता त्या विसावी करताहेत. रविवारी दुपारी मात्र अजून त्या रिकाम्या खुर्चीच्या उजव्या बाजूला गुडघे टेकून बसतात. त्या उठून आत आल्या की मी हातातलं काम टाकते, नळ बंद करते आणि त्यांना मोठ्यानं सांगते, "तापानं गेला, वन्सं. तापानंच."