पाचाच्या पटीतले आकडे

नागपूरच्या विमानतळावर बाबा पोचले तेव्हा माझ्या बॅगा केव्हाच आत गेल्या होत्या. दोन हजार चारचा जुलै. आई, भाऊ आणि सासरची मंडळी सकाळीच जीप करून माझ्यासोबत आली होती. बाबा मागून एसटीने येणार होते, कारण साडेआठ वाजता तहसीलच्या आवारातलं पर्जन्यमापक वाचल्याशिवाय त्यांना गाव सोडता येत नव्हतं. दारावरच्या जवानाच्या हातापाया पडून मी दोन मिनिटांसाठी बाहेर आले. बाबांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. रडायचं सोडून मी भांडले. "आजच्या दिवशी तरी!" तर ते ओशाळं हसून म्हणाले, "आकडा कोन घेईन मंग?" मुंबईपर्यंतच्या विमानात मला गाव सुटल्याचं दुःख झालं नाही, बाबांचा राग येत राहिला.

बाबा यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी तहसिलीत लिपिक होते. पाऊस मोजण्याचं काम त्यांच्या गळ्यात पडलं ते नाही म्हणता न आल्यामुळे, आणि पुढे तेच त्यांचं सगळ्यात आवडतं काम झालं. तारेच्या कुंपणातल्या त्या नळकांड्यातलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं, डोळा पाण्याच्या रेषेला आणून आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. आम्हा भावंडांना ते सांगायचे, "दिसलं तेवढं लिहाव. नाही दिसलं तर नाही दिसलं म्हणून लिहाव." आम्ही तोंड फिरवून हसायचो.

कॅनडात, ओटावाला, माझा नवरा आधीच कनाटा या उपनगरातल्या एका कंपनीत होता. माझ्याकडे नागपूर विद्यापीठाची स्टॅटिस्टिक्सची एम.एस्सी. होती आणि "कॅनेडियन एक्स्पीरियन्स" नव्हता, म्हणून पहिली दोन वर्षं मी ग्रोसरीच्या दुकानात काउंटरवर उभी राहिले. त्यानंतर आर्क्टिकमध्ये संशोधन करणाऱ्या एका छोट्या संस्थेत नोकरी लागली आणि आमच्या मराठी मंडळात माझा भाव एकदम वधारला. पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कोणी ना कोणी विचारायचंच, "काय गं, पोलर बेअरला डेटा एन्टर करायला शिकवलंस का?" गावाकडे तर आईने मी उत्तर ध्रुवावर असते असंच सांगून टाकलं होतं. खरं म्हणजे मी डाउनटाउनमधल्या एका बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये बसायचे. तिथे खिडकी नव्हती. बर्फ मी पाहायचे तो ड्राइव्हवे शोव्हल करताना.

आमच्या संस्थेचं काम कसं चालायचं ते सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. समुद्राचा बर्फ किती जाड होतो हे मोजायला शास्त्रज्ञ काही वर्षभर तिथे राहत नाहीत. त्यासाठी किनाऱ्यावरच्या वस्त्यांमधली माणसं नेमलेली असायची. दर शुक्रवारी ठरलेल्या जागी बर्फाला भोक पाडायचं, त्यातून टोकाला आडवी पट्टी असलेली टेप खाली सोडायची, पट्टी बर्फाच्या तळाला अडकली की आकडा वाचायचा आणि एका फॉर्मवर लिहून ओटावाला फॅक्स करायचा. असे फॅक्स माझ्या टेबलावर येत. आमच्या निरीक्षकांपैकी एक होता लुकासी, साठीच्या घरातला, तिथल्या मूळच्या इनुइट लोकांपैकी एक शिकारी. त्याने एकही शुक्रवार चुकवला नव्हता, हे मी मान्य करायला हवं होतं आणि नेमका त्याचाच मला संशय आला.

झालं असं. जुने आकडे तपासताना मला दिसलं की लुकासीच्या सुरुवातीच्या वर्षांत सगळ्या तऱ्हेचे आकडे होते, सेंटिमीटरमध्ये एकशे बारा, एकशे सत्तावीस, एकशे त्रेचाळीस. मग एका हिवाळ्यापासून प्रत्येक आकडा शून्याने नाहीतर पाचाने संपत होता. एकशे दहा, एकशे पंधरा, एकशे तीस. मी खुर्चीत ताठ बसले. हा माणूस बर्फावर जातच नाही, घरी शेगडीपाशी बसून आकडे भरतो! मला त्याबद्दल तिळमात्र शंका वाटली नाही.

ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी आलेख दाखवून हे सांगितलं. माझी मॅनेजर शेरन म्हणाली, "त्याला एकदा फोन करून विचारूया का?" आणि मी, जिला तोपर्यंत मीटिंगमध्ये तोंड उघडायची भीती वाटायची, फाडफाड इंग्रजीत म्हणाले की असे लोक विचारल्यावर कबूल करत नाहीत, मी इंडियात असे आकडे पुष्कळ पाहिलेत. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी परदेशातून अनुभव घेऊन आले होते ना! लुकासीची पाच हिवाळ्यांची मोजमापं संशयास्पद म्हणून बाजूला काढली गेली आणि पुढच्या मोसमापासून त्याला काम दिलं नाही. शेरनने मला वर्षाच्या मूल्यमापनात "शार्प आय" असं लिहून दिलं. मी त्याची झेरॉक्स काढून घरी नेली होती.

दोन वर्षांनी, दोन हजार दहाच्या एप्रिलमध्ये, मला पहिल्यांदा वर आर्क्टिकला पाठवलं. नवी स्वयंचलित यंत्रं बसवणाऱ्या टीमसोबत, नोंदी ठेवायला. तीन विमानं बदलून आम्ही त्या वस्तीत उतरलो, तर आम्हाला बर्फावर न्यायला ठरवलेला माणूस लुकासीच निघाला. ठेंगणा, शांत, चेहरा उन्हाने रापलेला. मी ओटावाच्या ऑफिसातून आलेय एवढंच त्याला माहीत होतं. त्याने मला आपल्या स्नोमोबाइलवर मागे बसवलं, माझे हातमोजे बिनकामाचे आहेत म्हणून बायकोचे आणून दिले, आणि संध्याकाळी घरी चहाला बोलावलं. त्याच्या बायकोने गरम बॅनक वाढला, आपल्या जाड भाकरीसारखा. मी तीन तुकडे खाल्ले.

निघताना दाराजवळच्या कोपऱ्यात मला एक ॲल्युमिनियमची काठी दिसली. टोकाला हूक, अंगावर रेघा आणि आमच्या संस्थेचं स्टिकर. मी हातात घेतली. रेघा दर पाच सेंटिमीटरला होत्या. मध्ये काही नाही.

"टेप तुटली होती," लुकासी म्हणाला. "नवी मागितली. त्यांनी ही पाठवली." मी विचारलं, रेघांच्या मधला आकडा अंदाजाने का नाही लिहिला? त्याने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. "मधे रेघ नाही. जे दिसत नाही ते मी कसं लिहू?"

त्याच क्षणी सांगायला हवं होतं की तुमचं काम माझ्यामुळे गेलं. मी "थँक यू फॉर द टी" म्हणाले आणि बूट घालायला लागले. त्याने माझ्यासाठी दार धरलं.

आता मला एवढी खात्री का होती, ते. नववीत असताना बाबा आत्याच्या मुलीच्या लग्नाला चार दिवस अमरावतीला गेले. कुंपणाची किल्ली आणि मोजपात्र माझ्या हातात देऊन गेले. पहिल्या दिवशी मी मोठ्या ऐटीत गेले. दुसऱ्या दिवसापासून पांघरुणातून निघवेना. मग खिडकीतून अंगण पाहून वहीत लिहिलं, पाच, दहा, पंधरा. पाचाच्या पटीतले खोटे आकडे मला ओळखू आले, कारण ते मीच लिहिले होते. लुकासीच्या फॅक्समध्ये मी मलाच पाहिलं आणि नाव त्याचं लावलं. इतकी वर्षं झाली, तरी हे लिहिताना मला स्वतःची किळस येते.

ओटावाला परतल्यावर मी जुने फॅक्स ठेवलेली खोकी उघडली. प्रत्येक फॉर्मच्या शेवटी शेऱ्याचा रकाना होता. आमच्या डेटाबेसमध्ये त्याला जागा नसल्याने मी तो कधी वाचायचीच नाही. पाच हिवाळे, दर शुक्रवारी, लुकासीने त्या रकान्यात लिहिलं होतं: "सेम स्टिक."

मी शेरनला सांगितलं आणि ते आकडे परत घेतले गेले. पण दुरुस्तीची जी टीप मी लिहिली, ती अशी होती: "उपकरणाबाबतच्या अपुऱ्या माहितीमुळे सदर नोंदी वगळल्या गेल्या होत्या." वगळल्या गेल्या होत्या! कोणी वगळल्या? त्या वाक्यात एकही माणूस नव्हता. लुकासीला आम्ही काही कळवलं नाही, कारण त्याचं काम आता यंत्र करत होतं आणि तो कोणाच्याच यादीत नव्हता. मी ती टीप मंजूर करून घेतली आणि वर्षभर गप्प बसले.

तुम्ही जे गावाकडे राहिलात, तुम्हाला वाटतं आम्ही इथे येऊन मोठे झालो. तुम्ही जे माझ्यासारखे निघून आलात, तुम्हाला ठाऊक असेल की इथे आपण पहिल्यांदा काय शिकतो. आपल्याकडे बोट दाखवलं जाण्याआधी दुसऱ्याकडे दाखवायचं. मला कोणी तसं शिकवलं नव्हतं, मी आपणहून तयार झाले होते.

बाबा रिटायर झाल्यावर रविवारी फोनवर निवांत बोलायचे. एका रविवारी मला राहवलं नाही. लुकासीचं सगळं सांगितलं, आणि त्याच ओघात नववीतलं पण सांगून टाकलं. पलीकडे बाबांनी टीव्ही बंद केला. मग बाबा म्हणाले, "मले मालूम होतं ते."

"काय?"

"त्या तीन दिवसांचं. शेजारच्या महसूल मंडळात साठ मिलिमीटर पडला अन् आपल्या वहीत पाच. मी ते आकडे खोडले, 'निरीक्षण नाही' लिहिलं. वरून मेमो आला होता मले."

"मग मला का नाही बोललात?"

"तुले काय बोलू? चावी मी देली होती. चूक माही."

मी रडायला लागले. मला वाटलं आता ते समजूत घालतील. ते म्हणाले, "त्या मानसाले सांगितलं का तू?"

"नाही."

"मंग माह्यापाशी काय बोलून राहिली?" आणि फोन आईकडे दिला.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि लुकासीला फोन लावला. मी कोण, काय केलं, मीटिंगमध्ये काय बोलले, सगळं सांगितलं, "असे लोक" हे शब्दसुद्धा.

मग तो म्हणाला, "माझं काम बंद झाल्यावर इथे दुकानात लोक म्हणायचे, लुकासी घरी बसून आकडे लिहितो. माझ्या नातवाला शाळेत म्हणाले." पुढे म्हणाला, "तू माझ्या घरी आली होतीस." मी हो म्हणाले. "मला सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं मी बर्फावर जात होतो. त्यांना सांग."

त्या वस्त्यांमध्ये गावाचा स्वतःचा रेडिओ असतो. दुपारी लोक त्यावर फोन करतात, कोणाला वाढदिवसाच्या शुभेच्छा, कोणाचा कुत्रा हरवला, कोणाकडे जास्तीचं मांस आहे. सगळी घरं जेवताना तो ऐकत असतात. लुकासीने मला नंबर दिला आणि उद्या बारा वाजता फोन कर म्हणाला.

मी केला. रेडिओवरची बाई माझं एकेक इंग्रजी वाक्य ऐकायची आणि इनुक्टिटुट या त्यांच्या भाषेत सांगायची. लुकासीचे आकडे खरे होते. काठी आमची होती. तो खोटं लिहितो असं मी म्हणाले आणि ते मी त्याला न विचारता म्हणाले. प्रत्येक वाक्यानंतर मला थांबावं लागायचं, आणि त्या थांबण्यात माझं स्वतःचं वाक्य परक्या भाषेत लांबत जाताना ऐकावं लागायचं. शेवटी तिने विचारलं, तिथे सगळ्यांनाच विचारतात तसं, "तू कुठली? तुझी माणसं कोण?"

सात वर्षं या प्रश्नाला मी "ओटावा" म्हणत आले होते. पण ऑफिस ओटावाचं होतं, घर ओटावाचं होतं, तरी हे पाप ओटावाच्या नावावर टाकायची माझी छाती झाली नाही. मी आमच्या तालुक्याचं नाव सांगितलं. वडिलांचं पूर्ण नाव सांगितलं आणि ते पाऊस मोजायचे हेही सांगितलं. तिने ते दोनदा विचारून नीट उच्चारलं.

घर म्हणजे काय हे मला कोणी आता विचारलं तर मी त्या दुपारबद्दल सांगेन. चांगलं काही केलं की आपण कुठलेही असतो. माझ्या लाजेला मात्र एकच पत्ता होता. त्या टोकाच्या वस्तीत आमच्या गावाचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं गेलं, आणि ते माझ्या खोट्या आरोपाला जोडून.